पाहुण्यासाठी एक थ्रो

चिचटोल्याच्या नानाजी गुरनुलेच्या अंगणातून माणूस रिकामा परत गेला, असं कधी झालं नाही. सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रातला साहेब असो की भंगारवाला, आधी खाटेवर बसायचं, मग चहा, आणि उठताना पिशवीत काहीतरी. हिवाळ्यात पोपटीच्या शेंगा, उन्हाळ्यात चिंचा, काहीच नसलं तर कोंबडीची चार अंडी. एकदा तर दुसऱ्याच गावाला निघालेलं वऱ्हाड रस्ता चुकून याच्या दारात थांबलं. नवरदेव घामाघूम, वेळ टळून चाललेली, आणि हा बाप्पा म्हणतो कसा, "चुकले त चुकले, पन आता जेवूनच जा." जेवू घातलं हो त्यांना! लग्न तिकडे उशिरा लागलं.

"तुमाले नाई म्हनताच येत नाई," आशाबाई, त्याची बायको, डोक्याला हात लावून म्हणायची. नानाजी हसायचा. आलेल्याला नाही म्हणायचं, ही गोष्टच त्याच्या डोक्यात बसायची नाही.

आता त्याच्या पोरीचं सांगतो. दिव्यानी एकोणीस वर्षांची, सिंदेवाहीच्या कॉलेजात शिकणारी, फुटबॉलवेडी. तिचा थ्रो म्हणजे एक नवलच होतं. चेंडू रेषेबाहेर गेला की तो दोन्ही हातांनी डोक्यामागून आत फेकायचा असतो. बाकीच्या पोरी फेकतात तो शेजारणीच्या पायाशी पडतो. दिव्यानी फेकायची तो थेट गोलच्या तोंडाशी. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. कापलेल्या धानाच्या पेंढ्या रचून आमच्याकडे पुंजणं घालतात, घराएवढा ढीग. नानाजी पुंजण्यावर उभा राहून रचायचा आणि खालून पेंढ्या भिरकवायची ही. लहानपणापासून. पुंजणं जसं वर चढायचं तसा पोरीचा हात वर जायचा, एवढीच तिची तालीम.

दिवाळीनंतर, धान निघाल्यावर रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, सामने झाले. कॉलेजचे खेळाचे सर प्रफुल यांनी दिव्यानीच्या एका थ्रोचा व्हिडिओ काढला आणि टाकला. मागे पुंजणं, पायाखाली धसकटं, आणि चेंडू जातो आहे, जातो आहे, खाली यायचं नावच नाही. बस्स! रातोरात पोरगी देशभर. मुंबईतून फोन, केरळातून फोन, आणि एक दिवस समुद्रापलीकडून. फेरो नावाची बेटं आहेत म्हणे, युरोपच्याही वर, थंडगार पाण्यात. तिथल्या एका क्लबच्या प्रशिक्षक बाईने तो व्हिडिओ पाहिला, पुढचे सामने मागवून पाहिले, दिव्यानीशी बोलली, आणि एका हंगामाचा करारच पाठवला. फेब्रुवारीच्या शेवटी यायचं. आल्याबरोबर डॉक्टर तपासतील. पास झाली तर खेळायचं, नाहीतर परतीचं तिकीट.

"तिथी झाडं नाईत म्हनते, बाबा," दिव्यानी म्हणाली. "नुसता वारा अन् गवत."

"झाडाबिगर मानसं राह्यते कशे?" नानाजीने विचारलं, आणि त्या रात्री त्याला झोप आली नाही. पोरगी जाणार याचा आनंद की धसका, त्याचं त्यालाच उमगेना.

पण झोप नसली तरी दिवसा मात्र बुवाची छाती फुगलेली. कारण आता पाहुण्यांचा नुसता पूर लोटला होता. पत्रकार आले, यूट्यूबवाले आले, मूलहून, नागभीडहून, पार अहेरीहून मोटारसायकली आल्या. ज्यांचं नातं आशाबाईलाही आठवेना असे मामेसासरे आले. सगळे खाटेवर बसायचे, चहा प्यायचे, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणायचे, "भाऊ, एक थ्रो दाखवा नं पोरीचा. एवढ्या दुरून आलो."

एवढ्या दुरून आलो! या तीन शब्दांपुढे नानाजी म्हणजे लोणी. "दिव्या! ये बाई, पाहुन्याले एक फेकून दाखव." पोरगी पुस्तक ठेवून यायची, चेंडू घ्यायची, अंगणातून फेकायची तो रस्त्यापलीकडच्या चिंचेपार. पाहुणे टाळ्या पिटायचे, फोनात घ्यायचे, आणि कोणाचा तरी फोन हमखास नीट लागलेला नसायचा. "अजून एकदा, बाई." नानाजी मान डोलवायचा. पोरगी अजून एकदा फेकायची. सकाळी थंड अंगाने, दुपारी जेवल्यावर, पाहुणा येईल तेव्हा. चहा आणि थ्रो, हीच त्या अंगणाची पाहुणचाराची रीत होऊन बसली.

जानेवारीत मळणीचं यंत्र आलं. नानाजी पुंजण्यावरून पेंढ्या खाली सोडत होता आणि दिव्यानी उचलून यंत्राच्या तोंडी देत होती. त्याने वरून पाहिलं, पोरगी सगळं डाव्या हाताने करते आहे. उजवा हात पोटाशी.

"डाव्या हातानं काऊन वं?"

"सवय करून राह्यली, बाबा."

त्याने मानलं. पण मनात कुसळ रुतलं ते रुतलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आशाबाई पोरीची वेणी घालताना दिसली. एवढी घोडी झालेली पोरगी, आपले केस आपण विंचरणारी. दिव्यानी कॉलेजला गेली तसा तो बायकोजवळ गेला.

"वेणी तुह्याकडून काऊन घालून घेऊन राह्यली ते?"

आशाबाईने हातातली फणी खाली आपटली. "तुमाले आता दिसलं का? पोरीचा हात डोक्याच्या वर जात नाई. रातभर कन्हते. खांदा सुजला तिचा तुमच्या पाहुन्याईच्या पायी!"

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"तिनं शपथ घातली मले. म्हने, बाबा पाहुन्याले नाई म्हनू शकत नाई, त्याची मान खाली जाईन."

नानाजी तिथेच ओट्यावर टेकला. पोरीला हाक मारणारा आपलाच आवाज त्याच्या कानात वाजत होता, एकदा नाही, शंभरदा. त्याला स्वतःची इतकी चीड आली की त्याने आपल्याच मांडीवर बुक्की मारली.

प्रफुल सरांनी चंद्रपूरला नेऊन हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, स्नायूला इजा आहे, आराम दिला तर निघायच्या आत बरा होईल. पण तोवर एकही थ्रो नाही. एकसुद्धा नाही. आता ताण बसला तर फाटेल, आणि मग ऑपरेशन.

"गावात बोलू नका, भाऊ," परतताना सर म्हणाले. "तिथले डॉक्टर तपासतीलच, ते काय ते ठरवतील. पन इथी कोनी 'खांदा गेला' असं फोनवर टाकलं, त तिकडची बाई तपासाच्या आधीच घाबरन."

झालं! त्या दिवसापासून नानाजीच्या जिवाला थारा नाही. मोटारसायकलचा आवाज आला की हा उठून उभा. ज्या रस्त्याकडे तो आयुष्यभर आशेने बघत आला, त्याच रस्त्याकडे आता चोरासारखा बघायचा. खोटं बोलायचं ठरवलं, तर तेही धड जमेना. नागभीडच्या लोकांना म्हणाला, "दिव्या मामाच्या गावी गेली," आणि तेवढ्यात दिव्यानी पाण्याची घागर डाव्या काखेत घेऊन समोर! पाहुणे तिच्याकडे बघतात, ही बापाकडे बघते, बाप चिंचेकडे. मग तो सकाळी उठून पोरीला शेतातल्या मांडवात नेऊन बसवू लागला. स्वतः बांधावर येरझारा. बसला की उठायचा, उठला की पाणी प्यायचा, पाणी प्याला की पुन्हा रस्त्याकडे.

आणि खरा फास तर त्याने स्वतःच्याच हाताने आवळून ठेवला होता. डिसेंबरातच उपसरपंच लच्छूभाऊ आले होते. दिव्यानी निघायच्या आधी गावातर्फे सत्कार करू, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष आणू, आणि शेवटी पोरीचा थ्रो, मंडपातून शाळेच्या छपरापलीकडे. "देता का शब्द?" आणि याने मोठ्या तोंडाने दिला होता. आता गावाच्या वेशीवर तसा फलकच लागला होता, दिव्यानीच्या फोटोसकट. नानाजी दोनदा लच्छूभाऊच्या घरी गेला, थ्रो तेवढा काढा म्हणून. लच्छूभाऊ म्हणाले, "भाऊ, लोक त्याच्यासाठीच यून राह्यले. अध्यक्षाची का भाषनं आयकाले येतीन?"

सत्काराच्या दिवशी शाळेच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मागे चुलीवर भात आणि वांग्याची भाजी शिजत होती. हार झाले, शाल झाली, भाषणं झाली, सगळ्यांची एकच. नानाजी पहिल्या ओळीत खुर्चीत बसला होता, म्हणजे खुर्चीच्या काठावर होता. शेजारी दिव्यानी. तिने हळूच त्याच्या हातावर हात ठेवला.

"एक फेकतो, बाबा. एकानं काई होत नाई. तुमी शब्द देला नं."

तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला समजलं की ही खरंच फेकणार. आणि हळू फेकणं या पोरीला ठाऊक नाही. एवढ्या लोकांपुढे तर नाहीच.

लच्छूभाऊंनी पुकारा केला. टाळ्या उठल्या. अध्यक्षांनी मंचावर बोलावून स्वतः चेंडू तिच्या हातात दिला. झाडून सगळे फोन वर आले. दिव्यानीने दोन्ही हातांत चेंडू घेतला, डोक्यामागे न्यायला लागली, आणि अर्ध्यातच तिचा ओठ दातांखाली गेला. बाकी कोणाला दिसलं नाही. नानाजीला दिसलं.

तो कसा उठला त्याचं त्याला कळलं नाही. मंचावर चढला, पोरीच्या हातातून चेंडू काढून घेतला आणि माइकसमोर उभा राहिला. जन्मात माइकवर न बोललेला माणूस.

"पोरगी फेकनार नाई," तो म्हणाला.

लोक हसले. गंमत वाटली त्यांना. लच्छूभाऊ म्हणाले, "भाऊ, काऊन? तब्येत बरी नाई का तिची?"

सुटकेची वाट समोरच होती. हो म्हटलं असतं तर गाव हळहळलं असतं, पोरीची विचारपूस केली असती, त्याच्या पाठीवर हात ठेवला असता. पण समोर शेकडो फोन वर होते.

"तब्येत चांगली आहे. फेकनार नाई, बस."

"अरे, एकच तर!" अध्यक्ष म्हणाले. "आम्ही एवढ्या दुरून आलो."

नानाजीपुढे पुन्हा तेच तीन शब्द. पण बोलला. "आल्याचे आभार, साहेब. जेवून जा. थ्रो नाई भेटनार."

मागून कोणीतरी ओरडलं, "पोरगी विलायतले चालली त माज आला का रे, नानाजी?"

त्याने त्या आवाजाच्या दिशेने पाहिलं. माणूस ओळखीचा होता, महिन्यातून चारदा त्याच्या खाटेवर चहा पिणारा.

"आला," नानाजी म्हणाला. "माज समजा."

अध्यक्ष न जेवता गाडीत बसले. निम्मं पटांगण त्यांच्यामागे रिकामं झालं, भात उरला. संध्याकाळपर्यंत नानाजीचा व्हिडिओ पोरीच्या व्हिडिओहून पुढे पळत होता. खाली लोकांनी लिहिलं होतं ते आशाबाईने एकदाच वाचलं आणि फोन धानाच्या कोठीत टाकला. दुसऱ्या दिवसापासून अंगणात कोणी आलं नाही. शेजारचे लोकही रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जाऊ लागले. खाट रिकामी पडली. नानाजी सकाळी सवयीने चार कप चहाचं पाणी ठेवायला सांगायचा आणि आशाबाई दोनच कपांचं ठेवायची.

दिव्यानीला नागपूरच्या विमानतळावर सोडायला घरातले दोघे आणि प्रफुल सर, एवढेच होते. आत शिरताना ती मागे वळली, बापाच्या गळ्यात पडली. दोन्ही हात वर करून. ते दोन्ही हात त्याने पाहिले, आणि त्याला हुंदका आवरला नाही.

पुढचे दिवस त्याने कसे काढले ते त्यालाच माहीत. बांधावर जाऊन यायचा, गोठ्यात जाऊन यायचा, फोन हातातून ठेवत नव्हता आणि वाजला की दचकत होता. शेवटी तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे हिरवागार डोंगर, खरंच एक झाड नाही, आणि वाऱ्याने तिचे केस तोंडावर.

"पास झालो, बाबा! डॉक्टरनं हात फिरवून फिरवून पाह्यला. खांदा एकदम मस्त आहे म्हने. शनिवारी मॅच आहे."

आशाबाईने पदर डोळ्यांना लावला. नानाजी नुसता "हो, हो" म्हणत राहिला.

"आता मी सगळं सांगतो, बाबा," दिव्यानी म्हणाली. "इथूनच व्हिडिओ टाकतो. खांदा कशानं दुखला, तुमी तवा काऊन नाई म्हनलं, सगळं. गावाले समजू दे, माह्या बापाले माज नोहता आला."

"नोको," नानाजी म्हणाला.

"काऊन नोको? लोक तुमच्या दारात येत नाईत, माय सांगते मले."

नानाजीने अंगणाकडे पाहिलं. मग फोन तोंडाजवळ आणून, कोणी ऐकेल अशा धाकात असल्यासारखा हळू बोलला.

"बाई, थे सगळे आपल्या घरचे पाहुने होते. चहा पेता पेता आपन या पोरीचा खांदा खाल्ला, असं आता त्याईले समजलं, त कसं वाटन त्याईले?"