शकू मध्ये पडली

शकूचा उजवा कान अनिलनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी फोडला. कालवणात मीठ जास्त पडलं, एवढंच निमित्त. आधी ताट उडालं, मग हात सुटला. त्या दिवसापासून उजवीकडून कुणी हाक मारली की तिला मान वळवून ऐकावं लागायचं.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी त्यांची वाडी. घरं एकमेकांना लागून. कुणाच्या घरात काय आदळलं ते साऱ्या वाडीला कळायचं, पण दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर कुणी तोंडातून शब्द काढायचं नाही. सासू प्रयागबाई तेवढी उंबऱ्याशी येऊन म्हणायची, "सोड रे आता, मरंल ती." एवढं म्हणून पुन्हा चुलीपुढं जाऊन बसायची. तिनंही नवऱ्याचा असाच मार खाल्ला होता. पाऊस यायचा तसा मार यायचा, त्यात काय सांगायचं, असं तिचं म्हणणं.

शकू शिवथरकडची. बाप लहानपणीच गेला, मामानं लग्न लावून दिलं आणि आपलं ओझं उतरवलं. अनिल तेव्हा मुंबईला लग्नाच्या जेवणावळी करणाऱ्या एका माणसाकडे आचारी होता. शिमगा, गणपती आणि मे महिना, एवढ्यापुरता घरी यायचा. वाडीतल्या बाकीच्या बायका चाकरमान्यांच्या येण्याची वाट बघायच्या. शकू त्यांच्या जाण्याची बघायची. एक मुलगा झाला, रितेश. तो पोटात असताना अनिलनं तिला पायरीवरून ढकललं होतं, तरी पोर जगलं.

कोरोनात लग्नाचे हॉल बंद पडले. अनिल पेटी घेऊन गावी आला तो परत गेलाच नाही. मुंबईत पन्नास माणसं त्याच्या हाताखाली राबायची, इथं त्याला कुणी विचारीना. सकाळी उठला की पोलादपूरच्या नाक्यावर जायचा आणि दुपारी पिऊन यायचा. वर्षातून तीनदा मिळणारा मार आता आठवड्याचा झाला.

एकदा त्यानं पाटा उचलून तिच्या मनगटावर आदळला. हाड मोडलं. मोडलेला हात पदरात गुंडाळून शकू जीपनं महाडला गेली. तिथल्या एका छोट्या दवाखान्यात स्नेहल नावाची नर्स होती. नगरकडची, घराणं ख्रिस्ती, नोकरीपायी महाडात एकटी राहणारी.

"कशानं लागलं?" स्नेहलनं विचारलं.

"पाय घसरला."

स्नेहलनं तिची हनुवटी हलकेच वर केली. "ताई, घसरून पडलेल्या माणसाच्या गळ्यावर बोटं उमटत नाहीत."

प्लास्टर होईपर्यंत स्नेहल तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती आणि ओठातल्या ओठात काही म्हणत होती. शकूला वाटलं मंत्र असेल. मग ऐकू आलं ते साधं मराठीच होतं. "प्रभू, हिला एकटी सोडू नकोस."

प्लास्टर काढायला गेली तेव्हा शकूनं तिला सरळच विचारलं, "तुमचा देव मार थांबवतो काय?"

"तसं मी सांगू शकत नाही," स्नेहल म्हणाली. "पण त्याला स्वतःला मारलं होतं. आसूडांनी. तोंडावर थुंकले होते लोक. अंगावरचे कपडेसुद्धा ठेवले नाहीत. त्यामुळं मार म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नाही."

देव मार खाल्लेला असू शकतो, हे शकूनं कधी ऐकलं नव्हतं. घरी येताना जीपमध्ये ती तेच घोळवत राहिली. त्यानंतर बाजाराचं निमित्त करून ती अधूनमधून रविवारी महाडला जाऊ लागली. स्नेहलच्या खोलीत आठ-दहा माणसं जमायची. बरीचशी एमआयडीसीत कामाला आलेली, लांब लांबच्या गावची. गाणी म्हणायची, प्रार्थना करायची, चहा प्यायची आणि आपापल्या वाटेनं जायची. तिथं पहिल्यांदा शकू मोठ्यानं रडली आणि कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही.

घरी कळलं तेव्हा अनिलला नवं निमित्त मिळालं. "बाटलीस काय गो? देव बदललास?" असं म्हणून तो मारायचा. शकूला त्याचं नवल वाटलं नाही. आधी मीठ होतं, आता प्रभू होता. हात तोच होता.

प्रार्थना चालवणारे एक वयस्क गृहस्थ होते, त्यांना सगळे काका म्हणत. त्यांनी तिला समजावलं, "घर मोडू नको. सोस आणि प्रार्थना कर. नवरा बदलेल." शकूनं ऐकलं. मार खाताना डोळे मिटून ती मनात प्रभूचं नाव घ्यायची. अनिल बदलला नाही. बदलत होता तो रितेश.

रितेश वीस वर्षांचा झाला होता. महाडच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. घरी आला की बापाकडे बघायचाच नाही. एकदा कुत्रं भाकरीला तोंड लावायला आलं, तर त्यानं त्याला लाथेनं असं हाणलं की ते अंगणाच्या कडेला जाऊन पडलं आणि उठलंच नाही. रितेश आपल्या पायाकडे बघत उभा राहिला. शकूनं ते पाहिलं. ती पाटा आदळणाऱ्या हाताला जेवढी भ्यायली नव्हती तेवढी त्या लाथेला भ्यायली.

शिमग्याला वाडी भरली. मुंबईची माणसं आली, ढोल वाजू लागला, ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरायला निघाली. शकूनं पहाटेच उठून अंगण सारवलं, रांगोळी घातली. प्रयागबाईला पूजेचं ताट लावून दिलं. पालखी दारात आली तेव्हा ती बाजूला हात जोडून उभी राहिली. ओटी मात्र तिनं भरली नाही, ती सासूनं भरली.

मुंबईहून आलेल्या एकानं हसून टोमणा मारला, "अनिलभाऊ, वहिनी काय आता मेरी क्रिसमसवाल्या काय?"

चार माणसं हसली. गावचे जुने मानकरी मालोजी पालखीपाशी होते. ते म्हणाले, "हात जोडल्यान ना तिनं? मग पुरं. चला पुढं." पालखी पुढच्या घरी गेली.

अनिल गेला नाही. तो दारातून आत आला आणि त्यानं दाराला कडी घातली.

बाहेर ढोल इतका जोरात होता की आतलं काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं. त्यानं तिचे केस धरून डोकं खांबावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. "माझी लाज काढतंस? साऱ्या गावापुढं?" ती खाली पडली तसा तो लाथा घालू लागला. बरगडीत काहीतरी कट्कन मोडलं. प्रयागबाई मागच्या दारातून ओरडली, "अनिल! अरे सणाचा दिस हाय!" त्यानं ऐकलं नाही. कपाळातलं रक्त डोळ्यात उतरल्यामुळं शकूला सगळं तांबडं दिसत होतं. त्या तांबड्यातच तिला रितेश दिसला. तो मागच्या दारानं आला होता. भिंतीला लावलेला लाकडं तोडायचा कोयता त्याच्या हातात होता.

तो ओरडला नाही. रागावलेलासुद्धा दिसत नव्हता. कामाला निघालेल्या माणसासारखा तो बापाच्या पाठीशी आला आणि त्यानं हात उचलला.

शकू कशी उठली ते तिला पुढं कधीच सांगता आलं नाही. मोडकी बरगडी घेऊन ती अनिलच्या अंगावर गेली, त्याला बाजूला रेटलं आणि डावा हात वर केला. कोयता कोपराखाली हाडापर्यंत गेला.

ढोल वाजतच होता. रितेशनं कोयता टाकला. अनिल भिंतीला चिकटून उभा होता, त्याची दारू एका क्षणात उतरली होती. रक्त सारवलेल्या जमिनीवर पसरत दारापर्यंत गेलं. हलली ती फक्त प्रयागबाई. अंगावरचं लुगडं फाडून तिनं सुनेचा हात दंडाशी करकचून बांधला आणि लेकाकडे न बघता म्हणाली, "गाडी बोलव, मुडद्या."

महाडच्या दवाखान्यात हात शिवला. जीव वाचला, पण डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली. पोलीस जबाबाला येणार होते, त्याआधी जो तो तिच्या खाटेशी येऊन गेला.

अनिल आला. "लाकडं फोडताना लागलं म्हण. नायतर पोरगा आत जाईल."

मालोजी आले. वाईट मनाचा माणूस नव्हे, पण त्यांनीही तेच सांगितलं. "घरातलं घरात ऱ्हाव दे, शकू. पोराचं आयुष्य हाय."

काका आले. तेही डोळे मिटून बराच वेळ प्रार्थना करून म्हणाले, "कधीकधी गप्प राहणं हेच प्रेम असतं."

शकू उजव्या हातावर जोर देऊन उठून बसली. मग म्हणाली, "काका, मी लई वर्सं गप ऱ्हायले. माझ्या गप ऱ्हाण्यानं पोराच्या हातात कोयता आला. प्रभूनं मला वाचवलं ते मार खायला नाय."

काका निघून गेले. ती प्रार्थना करायला बसली. खरं बोललं तर पोर तुरुंगात, खोटं बोललं तर तेच घर, तोच नवरा, आणि पुढच्या वेळी मध्ये पडायला कोण? तिनं प्रभूला विचारलं. उत्तर आलं नाही. स्नेहल इंजेक्शन घेऊन आली तेव्हा शकू म्हणाली, "त्यो काय बोलत नाय गो."

"मलाही कळत नाही काय सांगावं," स्नेहल म्हणाली. "तू जे करशील त्यात मी तुझ्याबरोबर आहे."

शेवटी तिनं रितेशलाच बोलावलं. तो दाराबाहेरच्या बाकावर बसून होता, आत येत नव्हता. आला तो तिच्या पायाशी उभा राहिला.

"रितेश, काय सांगू मी त्यांना?"

"आये, मी त्याला तोडायलाच निघालो होतो गो. घाबरवायला नाय. तोडायला." आणि मग हळूच, "मला माझंच भ्या वाटतंय."

"मग हेच सांगायचं," शकू म्हणाली. "तू तुझं सांग. मी माझं सांगते. सगळं."

हवालदार आले. शकूनं पहिल्या फोडलेल्या कानापासून सुरुवात केली. पाटा, पायरी, गळ्यावरची बोटं, काही झाकून ठेवलं नाही. कोयता रितेशनं उचलला होता, हेही सांगितलं. बोलताना मध्येच तिला घेरी आली, पाणी पिऊन तिनं पुढचं सांगितलं. हवालदारांनी एकदा विचारलं, "बाई, मुलाचं नाव लिहू ना नक्की?" तिनं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

रितेशला धरून नेलं. त्याला जामीन मिळेपर्यंत शकूचे जे दिवस गेले ते मारापेक्षा वाईट होते. कोठडीत त्याला दुसऱ्या कैद्यांनी मारलं, एक दात पाडला. ते कळलं तेव्हा ती स्नेहलच्या खोलीत देवाशी भांडली. भांडली म्हणजे अक्षरशः. "मी खरं बोलले! आता तू कुठं हायस? माझा पोर मार खातोय, बघ ना!" उजवा हात भिंतीवर आपटून आपटून सुजला. स्नेहलनं तिला अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी शकू पुन्हा प्रार्थनेला बसली. जायला दुसरी जागा कुठं होती, असं ती म्हणायची.

ती वाडीत परत गेली नाही. महाडात तिनं एक खोली घेतली, एका खानावळीत भाकऱ्या थापायला लागली. वाकड्या बोटांनी भाकरी गोल येत नाही, पण मालकीण चालवून घेते. जामिनावर सुटल्यावर रितेश तिच्याकडे आला. त्याची केस चालू आहे, अनिलवरची वेगळी.

गणपतीच्या आधी अनिल आला. भर दुपारी, पिऊन. दाराला लाथा घालू लागला. बिजागरी निखळली. "बाहेर ये! बायको हायस तू माझी!" रितेश आत होता. त्यानं खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले, इतके घट्ट की बोटं पांढरी पडली. त्यानं गज सोडले नाहीत. शकूनं आतून पोलिसांना फोन लावला आणि शेजाऱ्यांना हाका मारल्या. तेवढ्यात अनिलनं दगड मारून खिडकी फोडली. काच रितेशच्या गालात घुसली. तरी तो हलला नाही. शेजारची माणसं धावून आली, अनिलला धरून ठेवला, पोलीस घेऊन गेले. गालातली काच काढताना शकूनं विचारलं, "दुखतंय?"

"दुखू दे," तो म्हणाला. "मी नाय गेलो ना बाहेर?"

"नाय गेलास."

त्यानंतर पंधरवड्यात प्रयागबाई दारात उभी राहिली. एका हातात कपड्यांचं बोचकं, दुसऱ्यात फडक्यात बांधलेले देव्हाऱ्यातले टाक. तिच्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं. पोलिसांनी सोडल्यावर अनिल वाडीत परतला होता, आणि सून नाही म्हटल्यावर त्यानं आईवर हात टाकला होता.

"ठेवतंस काय मला?" तिनं विचारलं. "देव आणलेत मी माझे. ते सोडायची नाय, आधीच सांगतंय."

"कोण सोडा म्हणतंय, आत्या," शकू म्हणाली आणि फळीवरचे डबे सरकवून तिनं जागा केली.

आता तिघं राहतात. खोली लहान आहे. केसचं काय होईल ते वकिलालाही सांगता येत नाही. रितेशला अधूनमधून घाम फुटतो, मग तो उठून बाहेर चालायला जातो आणि परत येतो. अनिल वाडीत आहे की पुन्हा आत गेलाय, याची खबर वाडीतून उलटसुलट येते. दारावर कुणी जोरात थाप मारली की तिघंही जागच्या जागी थिजतात.

परवा संध्याकाळी शकू प्रार्थनेला बसली होती. प्रयागबाई देवापुढं वात लावत होती. ती मध्येच थांबली.

"शकू, अनिलसाठी मागतंस काय गो तुझ्या देवाकडं?"

शकूनं डोळे उघडले. वाकडी बोटं मांडीवर सरळ करायचा तिनं एकदा प्रयत्न केला.

"रोज म्हणते मागू म्हणून," ती म्हणाली. "तोंडात येत नाय, आत्या. आज तुमी मागा तुमच्याकडं. मला जमंल तवा मी मागीन."

म्हातारीनं हात जोडले आणि लेकाचं नाव घेतलं. शकू शेजारी बसून ऐकत राहिली.