तहानलेल्या कुंड्या

माझे मोठे दीर पिकांच्या संशोधन केंद्रात, काचघरात कामाला होते. तिथे गव्हाच्या कुंड्यांचं पाणी तोडून कोणतं वाण तग धरतं ते पाहायचं चाललं होतं. भाऊजींचा जीव भारी हळवा. पानं सुरळी होऊन माना टाकायला लागली की त्यांना घास गिळवेना. दाराजवळच्या कुंड्यांना ते गुपचूप मगभर पाणी घालू लागले.

एक दिवस संशोधक बाई हसतच आल्या. "भाऊ, दाराजवळचं वाण बघा कसं तरारलंय! हेच आता कोरडवाहू शेतांवर पाठवू."

त्या रात्री भाऊजी भरल्या ताटावर नुसते बसून राहिले. शेवटी त्यांनी आम्हाला खरं काय ते सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, "झाडांची कीव केलीत खरी, पण उद्या ते बियाणं पेरणाऱ्यांची कीव कोण करणार?"

सकाळी भाऊजींनी संशोधक बाईंपुढे सगळं कबूल केलं. बाई ओरडल्या असत्या तर बरं, असं त्यांना झालं. त्या एवढंच म्हणाल्या, "हंगाम वाया गेला. पुन्हा पेरू. पाणी तोडायचं काम मात्र तुमच्याकडेच राहील."

भाऊजींना मान वर करवेना. खालच्या मानेनेच ते कुंड्या रिकाम्या करू लागले.