मिस्त्रींचा उलटा हात

मिस्त्री कशालाही आधी तळहात लावत नसत. मोटर असो, चहाचा ग्लास असो, नाहीतर तापानं फणफणलेलं कपाळ. पहिल्यांदा हाताची मागची बाजू टेकवायची. "करंटनं मूठ वळते. सुलटा हात लावशीन तं धरूनच बसशीन," म्हणायचे.

मी सातवीत शाळा सोडलेला, कोकणातून मोताळ्याजवळच्या दूध थंड करण्याच्या केंद्रात मिस्त्रींच्या हाताखाली ऑपरेटर म्हणून आलेला. इथली बोली अर्धी कळायची, कॉम्प्रेसर सुरू झाला की छातीत धडधडायचं. "भेतं तं भे, पन डोळे उघडे ठेव," एवढंच मिस्त्री म्हणत. माझ्या भिण्याला ते कधी हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

वैशाखातल्या एका दुपारी कॉम्प्रेसर थांबला, तो सुरूच होईना. टाकीत गावोगावचं सकाळचं दूध. केंद्राचे साहेब माझ्यावर ओरडले, "दूध नासलं तर उद्या घरची गाडी धरायची!"

मिस्त्रींनी मेन स्विच पाडला, मोटरवर उलटा हात ठेवला, मग मीटर लावून पाहिलं. मोटरच्या गुंडाळीत उष्णता ओळखणारा एक तुकडा असतो. मोटर तापली की तो यंत्र थांबवतो. मिस्त्री त्याला राखणदार म्हणत.

"मोटर थंडी हाये. राखनदारच मेला. पन मशीन बंद करून मेला, इमानी होता."

दूध न्यायला टँकर येईपर्यंत काम चालावं म्हणून त्यांनी तो वगळून तार जोडली, मशीन सुरू केलं आणि मला मोटरशेजारी बसवलं. "आता त्याच्या जागी तू. उलटा हात ठेव. धा मोजेपर्यंत हात टिकला नाई तं बंद कर. कोनाले विचारू नको." आणि ते पाण्याच्या पंपाकडे गेले.

मी मोजत होतो. कितव्यांदा कोण जाणे, सातवर हात भाजल्यासारखा वाटला आणि मी बटण दाबलं.

"कुणी बंद केलं?" साहेब धावत आले. मी मोटरकडे बोट दाखवलं. मिस्त्री आले, हात टेकवला, म्हणाले, "गरम होती, साहेब. म्याच सांगतलं होतं."

साहेब गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "थंडी होती बे. तूच तापला होता." मी रडायच्या बेतात. "भ्यालेल्याले शिव्या देल्या, तं मोटर खरंच तापीन तवा तो बटन दाबत नाई. चाल, पुन्हा मोज."

टँकर आला तेव्हा दूध चांगलं होतं. माझा उलटा हात अजून मोटरवरच होता.

पुढे माझी बदली झाली. एस.टी. सुटताना मिस्त्रींनी खिडकीतून माझ्या मनगटावर उलटा हात टेकवला.

"अजून भेतं?"

"हो."

"मंग जाय. तुह्या हाती मशीन द्याले मले भेव नाई."