अडलेला लॉट आणि बालाघाटला आलेले साहेब

मोठ्या साहेबांचे किस्से जमवावे लागत नाहीत. साहेब मागेपुढे गाड्यांची रांग घेऊन येतात आणि परत जाताना किस्सा तेवढा बालाघाटात ठेवून जातात! आता इतके साठलेत की कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमची कंपनी विमानं, हेलिकॉप्टरं, संरक्षणाचं सामान बनवते. हेड ऑफिस दूर. बालाघाटच्या छोट्या कारखान्यात हेलिकॉप्टरच्या सीटखालचे ब्रॅकेट तयार होतात. तपासणीला दोघंच: लांजेवारकाका आणि मी. दिवाळीनंतर एका लॉटमध्ये केसाएवढ्या भेगा निघाल्या. काकांनी लॉट कपाटात टाकला, कुलूप लावलं. सगळी डिलिव्हरी अडली!

*

आधी रिपोर्ट वर गेला. आम्ही लॉटपुढे लाल खूण केली होती. आमच्या प्लांट हेडना लाल जरा भडक वाटला, त्यांनी पिवळा करून रीजनल ऑफिसला पाठवला. तिथून हेड ऑफिसला पोचला तो हिरवा! मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या म्हणे.

काका म्हणाले, "आपल्या इथं आंबा हिरव्याचा पिवळा होते. यायच्या इथं लालाचा हिरवा होऊन राह्यला!"

*

हिरवा लॉट निघत काहून नाही, हे बघायला स्ट्रॅटेजीचे साहेब आले. आम्हाला शेडमध्ये बसवून भाषण दिलं. "यंगस्टर्स, फेल फास्ट! जितक्या लवकर चुकाल, तितक्या लवकर शिकाल!"

मागच्या रांगेतून काकांनी विचारलं, "किती उंचीवर, साहेब?"

*

मग एचआरच्या मॅडम आल्या. 'खुलके बोलो' सप्ताह! तशी अक्षरं छापलेले टी-शर्टसुद्धा वाटले. मी तो घालून लॉटबद्दल बोलायला उभी राहिले.

मॅडम गोड हसल्या. "बेटा, बोलणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव नाही."

म्हणून सूचनापेटीत चिठ्ठी टाकायला गेले, तर कळलं, पेटीची किल्ली हेड ऑफिसला आहे!

*

सीओओ साहेब बैहरच्या बाजूनं आले. आधी जंगल सफारी, मग आम्ही. दोन फेऱ्या मारूनही वाघ दिसला नव्हता, त्यामुळे तापलेलेच होते. कपाट उघडायला लावलं, एक ब्रॅकेट उचलून खिडकीपाशी धरला.

"मुझे तो कोई क्रॅक नहीं दिखता!"

भेग दिसायला रंग लावून जांभळ्या दिव्याखाली बघावं लागतं. पण काकांनी दिवा लावलाच नाही.

"साहेब, जंगलात वाघ दिसला का?"

"नहीं."

"मंग गाडीतून खाली उतरले होते का?"

*

शेवटी स्वतः एमडी साहेब आले. टेबलाभोवती सीओओ, प्लांट हेड, काका आणि मी. समोर लॉटचा कागद.

आमच्या कामात प्रत्येक तपासनिसाला नंबर घातलेला स्वतःचा ठप्पा मिळतो. तो कागदावर बसला की माल निघाला. उद्या काही झालं, तर नंबरावरून माणूस सापडतो.

"काकाजी," एमडी साहेब अगदी प्रेमानं म्हणाले, "एक ठप्पा. देश का सवाल है."

काकांनी खिशातून ठप्पा काढून साहेबांपुढे ठेवला. "हौ साहेब. मारा तुम्ही, अन् बाजूले तुमची सही करा. मले तर वरून हेलिकॉप्टर गेलं का पोटात गोळा येते."

साहेबांनी तो बोटानं सीओओंकडे सरकवला. सीओओंनी प्लांट हेडकडे. प्लांट हेडना तेवढ्यात फोन आला. फोन कानाला लावूनच त्यांनी ठप्पा माझ्याकडे ढकलला.

मी तो उचलून पुन्हा एमडी साहेबांसमोर ठेवला. नोकरीला अजून वर्षही झालेलं नाही.

साहेब माझ्याकडे पाहून हसले. "बेटा, तुम्हारे पास भी तो अपना ठप्पा होगा ना?"

"है, सर."

काका खाली मान घालून बसले होते. साहेबांनी कागद माझ्यासमोर आणला. "तो?"

मी पर्स उघडली, माझा ठप्पा काढला आणि काकांच्या ठप्प्याशेजारी ठेवला.

"अब दो हो गए, सर. आप कौन-सा मारेंगे?"