रास अल खैमातली माझी एकमेव सुनावणी

ऐका, पण एक अट आहे. वकिलीची पदवी माझ्याकडे खरोखर आहे, यावर शेवटपर्यंत विश्वास ठेवायचा!

दुबईत, अल कुसैसला, आमच्या शेजारी हनीफभाई आणि हमीदाभाभी राहतात, मूळचे रत्नागिरीचे. हनीफभाईंचं रास अल खैमात, म्हणजे दुसऱ्या अमिरातीत, शिवणकामाचं दुकान. गाळा रिकामा करा म्हणून मालकाने दावा ठोकला. बिचारे तिथला वकील बघायला निघाले, तर मीच आडवी आले.

"वकील कशाला? मी आहे ना!"

"पण ताई, तुमचं लायसन दुबईचं…"

"अहो, देश एकच ना? रत्नागिरीची सनद नागपुरात चालते, मग दुबईचं लायसन तिकडे का चालू नये?"

काय तो आत्मविश्वास! मुळात माझं लायसन कायद्याचा सल्ला देण्याचं, कोर्टात उभं राहण्याचं नव्हेच. पण भाड्याच्या किरकोळ वादात कोण विचारतंय, असं मी परस्पर ठरवून टाकलं. (दुकान शेवटी वाचलं, हे आधीच सांगते. नाहीतर तुम्ही त्या काळजीत माझी फजिती नीट ऐकणार नाही.)

तर, काळा कोट, पांढरा बँड, असा पुण्याच्या कोर्टातला सगळा थाट करून मी निघाले. ऑगस्टमध्ये! पार्किंगपासून कोर्टाच्या दारापर्यंत अक्षरशः वितळले. आत एका गृहस्थांनी थांबवलं.

"मॅडम, दो चाय. शक्कर कम."

"मैं वकील हूँ!"

त्यांनी माझा बँड निरखला. "सॉरी हां. हॉटेल का युनिफॉर्म लगा."

इथेच परत फिरावं की नाही? पण नाही!

पुकारा झाला. न्यायाधीश अरबीत बोलले. अनुवादकाने हिंदीत विचारलं, "आप कौन?"

"अ‍ॅडव्होकेट!" मी लायसन पुढे केलं.

"ये दुबई का है. यहाँ का अलग लगता है."

"लेकिन सर, देश तो एक ही…"

"और ये सिर्फ सलाह देने का है. कोर्ट में वहाँ भी नहीं चलता."

मागे हनीफभाईंचा चेहरा पांढराफटक. आजच दुकान गेलं तर? घाबरून मी पर्समधून हुकमाचा एक्का काढला. माझी सनद! महाराष्ट्राची! अनुवादकाने ती उलटसुलट पाहिली, न्यायाधीशांना दाखवली, दोघांचं काहीतरी बोलणं झालं.

"मॅडम, ये महाराष्ट्र कौन-से अमिरात में है?"

शेवटी हमीदाभाभीच उठल्या. "साहब, घर की लड़की है हमारी. जाने दो."

खलास! मला नातेवाइकांच्या बाकावर, भाभींच्या शेजारी बसवलं. गप्प राहण्याच्या सूचनेसकट! हनीफभाई स्वतः पुढे झाले. त्यांनी मुदत मागितली आणि मिळालीही.

मी सुटकेचा निःश्वास टाकते न टाकते, तोच न्यायाधीश माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले, अगदी मायेने. माझ्या धडपडीचं कौतुक असणार! मी कोट सावरून उभी राहिले.

अनुवादक हनीफभाईंना म्हणाला, "साहब कहते हैं, लड़की पढ़ी-लिखी लगती है. इसी को बोलो, कोई अच्छा वकील ढूँढ के दे."