मेघाचा तिसरा गिअर

मेघा कर्जतजवळच्या चौक गावची. कॉलेजात माझ्या शेजारी बसायची. वडील गेले तेव्हा तिने दुसऱ्या वर्षातच शिक्षण सोडलं आणि हायवेलगतच्या एका गॅरेजात पावत्या लिहायला लागली. मी मराठी घेऊन बी.ए. झाले.

कर्जतला ड्रायव्हिंग स्कूल चालवणारे नाना वीस दिवसांचे सहा हजार घेतात. मी भरले. मेघा म्हणाली, "एवढ्यात आमचा दोन महिन्यांचा किराणा येतो गं."

ती फुकट शिकली. गॅरेजचे मालक मनोजदादा मानेच्या दुखण्याने बेजार. शेड बोळासारखी अरुंद. संध्याकाळी गाड्या ते आत लावायचे, पण सकाळी मान वळवून त्या मागे काढणं त्यांना जमेना. ते काम मेघाने मागून घेतलं. रोज सात-आठ गाड्या, दोन्ही बाजूंना वीतभर जागा. दीड वर्षात एकीलाही ओरखडा नाही.

लायसन्सचे फॉर्म तिने फोनवर स्वतः भरले. एजंटाचे पैसे वाचले. परीक्षेला मनोजदादांची गाडी नेली, फक्त पेट्रोल घालून. मैदानावर आठचा आकडा काढला, रिव्हर्स घेतला आणि पहिल्याच खेपेला पास झाली.

मग कळलं, रसायनीच्या एका कारखान्याला शिफ्टच्या बायकांना ने-आण करणारी व्हॅन चालवायला बाई हवी आहे. पगार गॅरेजच्या दुप्पट. मेघाच्या आईला फार्महाऊसवरची धुणीभांडी सोडता आली असती. शनिवारी रस्त्यावर गाडी चालवून दाखवायची होती.

बुधवारी ती माझ्याकडे आली. चहा संपवला. मग म्हणाली, "सई, मी गाडी कधी तिसऱ्या गिअरमध्ये टाकलीच नाय."

मला थट्टा वाटली. थट्टा नव्हती. गॅरेजात रिव्हर्स आणि पहिला, मैदानावर फार तर दुसरा. मनोजदादांना सांगायची सोय नव्हती. पोरगी कसली ड्रायव्हर झालीय, असं ते चौकभर सांगत फिरत होते.

तिच्याकडे आठशे रुपये होते. आम्ही नानांकडे गेलो. दोन दिवसांचे पैसे घ्या, असं तिने सांगून पाहिलं.

"अर्धा कोर्स नसतो," नाना म्हणाले. "अर्धी हजामत करतं का कुणी?"

मेघा उठली नाही. फाटकाशी एक शिकाऊ बाई गाडी मागे घेत होत्या. तीनदा बंद पडली. मेघाने ते पाहिलं आणि विचारलं, रिव्हर्स शिकवण्यात किती दिवस जातात. नाना म्हणाले, निम्मे.

"मग चार रविवार मी शिकवते. मला दोन सकाळी द्या."

नानांनी त्या बाईंना उतरवलं आणि मेघाला बसायला सांगितलं. तिने एका दमात गाडी फाटकातून मागे आत घेतली, भिंतीला समांतर लावली आणि किल्ली टेबलावर ठेवली. नानांनी वहीत तिचं नाव घातलं, गुरुवार, सकाळी सहा.

गुरुवारी मी मागच्या सीटवर होते. कर्जत-चौक रस्ता रिकामा होता. नाना म्हणाले, "टाक." तिने टाकला.

"किती गप्प झाली गं गाडी," ती मला म्हणाली.

शुक्रवारी चौथा लागला. एका टेंपोला मागे टाकताना तिने श्वास धरून ठेवला होता. मीही.

शनिवारी कारखान्याचे साहेब शेजारी बसले. मला सोबत म्हणून मागे बसू दिलं. साहेब सगळा वेळ फोनवर मेसेज वाचत होते. पाताळगंगेचा पूल आला, गेला. खड्डे आले. ट्रक आले. त्यांनी मान वर केली नाही.

परत गेटाशी आल्यावर त्यांनी फोन खिशात घातला आणि विचारलं, "किती वर्षं चालवताय?"

मेघा म्हणाली, "मागं दीड वर्ष, साहेब. पुढं दोन दिवस."

साहेब खूप हसले. बाईमाणूस असून विनोदी आहे, असं वॉचमनला सांगत आत गेले आणि कागदावर सही करून आले.

मेघा हसली नव्हती. सोमवारी किती वाजता यायचं, एवढंच तिने विचारलं.