परंड्यात रुतलेलं गलबत

माझ्या समुद्रावरच्या कादंबऱ्या वाचून कुणी ना कुणी विचारतंच, "तुम्ही मालवणच्या का?" मी म्हणते, "नाही, परंड्याची." समोरच्याचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होतो. परंडा तेव्हा निजामाच्या राज्यात; त्या राज्याला समुद्र नव्हता, आणि आमच्या भागातली नदी होळी झाली की नुसती वाळू दाखवायची. पण हौसेला मोल नसतं, आणि मला हौस दांडगी.

लग्न होऊन परंड्याला आले तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. यजमान तहसील कचेरीत कारकून. ते रद्दीतले कागद घरी आणायचे. एका बाजूला उर्दूत कुणाच्या तरी जमिनीचा तंटा, दुसऱ्या कोऱ्या बाजूला माझं गलबत. कादंबरी मराठ्यांच्या जुन्या आरमाराची होती. शीड, सुकाणू, डोलकाठी हे शब्द एका फाटक्या इतिहासातून उचललेले. दोर कसे बांधतात ते ठाऊक नव्हतं, म्हणून विहिरीवर मोटेचा नाडा बांधतात तसे बांधले. परंड्याच्या किल्ल्यावरची अवाढव्य तोफ मी खुशाल गलबतावर चढवली. खरोखर चढवली असती तर गलबत बंदरातच तळाला गेलं असतं. मला कोण सांगणार? वासरात लंगडी गाय शहाणी.

दर सोमवारी जेवणं उरकली की ओसरीवर चार-पाच बायका जमायच्या. कुणी डाळ निवडायची, कुणी वाती वळायची, आणि मी वाचायची. मागच्या धनगरवाड्यातली एक मावशी टकळीवर लोकर कातत दाराशी बसायची. तिचा एकुलता एक लेक घोंगड्या विकायला म्हणून कुर्डुवाडीला गेला आणि तिथून गाडीत बसून थेट मुंबईला. त्याचं एक कार्ड आलं होतं, "बोटीवर कोळसा टाकायचं काम लागलं." पुढं दीड वर्ष काही नाही. ते कार्ड मीच तिला वाचून दाखवायची. इतक्यांदा वाचलं की त्याच्या कडा कापडासारख्या मऊ पडल्या होत्या.

माझ्या गोष्टीत एक तरणा खलाशी होता. तोफा उडोत, वादळ होवो, मावशीचा प्रश्न ठरलेला, "त्यो जेवला का?" बायका हसायच्या. मी चिडायची, कारण वीस प्रकरणं झाली तरी माझ्या गलबतावर कुणीच जेवलं नव्हतं.

मग मी ते गलबत खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतवलं. बाकीचे होडीतून निसटले आणि पाय मोडलेला तो खलाशी एकटा मागं राहिला. चार दिवस झाले, प्यायचं पाणी संपलं. पुढच्या सोमवारी तो मरणार होता. ते मरण मी लिहूनही ठेवलं होतं, लिहिताना रडले होते, आणि रडले म्हणजे उत्तमच झालं असणार अशी माझी खात्री होती.

वाचन संपलं तशी मावशी म्हणाली, "बाई, सोडवा की त्येला."

"रुतलेलं गलबत सुटत नसतं, मावशी."

"तुमी लिव्हलं तर सुटंल की."

माझा पारा चढला. "ही गोष्ट आहे! तुमच्या लेकाचं पत्र नव्हे!"

मावशीनं लोकर गुंडाळली आणि ती उठून गेली. शब्द तोंडातून गेला तेव्हाच मला लाज वाटली होती, पण उठून तिच्या मागं जाण्याइतकी नाही.

पुढच्या सोमवारी ती आली नाही. मी डोकं दुखतंय म्हणून वाचलंच नाही. बुधवारी दुपारी ती दारात उभी राहिली. गुडघ्यापर्यंत धूळ, टाचा फुटलेल्या.

"कुर्डुवाडीला गेलते," ती म्हणाली. "चालत. हद्दीवरच्या करोडगिरीच्या नाक्यावर, जकात घेत्यात तिथं, शिपाई म्हनला, काय माल हाय? म्हनलं, माल न्हाय बाबा, एक इचारायचं हाय."

मी तिला पाणी दिलं. ते न पिताच ती बोलत राहिली.

"ठेसनावर एक हमाल हाय. पयलं बोटीवर व्हता. त्येनंच माझ्या पोराला गाडीत बसवलं. त्येला इचारलं, गलबत वाळूत रुतलं तर कसं सुटतंय? त्यो हसला. म्हनला, आवो, दर्याचं पानी दिसातनं दोनदा चढतंय, आवस-पुनवेला तर लईच. जरा दम धरला की गलबत आपसूक उचलतंय."

भरती! चंद्राचं आकर्षण वगैरे मी भूगोलात घोकून पास झाले होते. पण माझ्या डोक्यातला समुद्र म्हणजे आमच्या किल्ल्याचा खंदक. त्यातलं पाणी एकदा उतरलं की मृगापर्यंत उतरलेलंच.

"लेकाचं विचारलंत का त्याला?" मी हळूच म्हटलं.

"आधी त्येच इचारलं. त्येला काय ठाव न्हाय." मग तिनं माझा हात धरला. आजवर ती मला बाई म्हणायची. "गोष्ट हाय ते मला कळतंय, लेकी. पर माझ्या पोराला म्या सोडवू शकत न्हाय. ह्यो तुझ्या हातात हाय तर सोडव की."

मी तिच्यासमोरच रडले. या खेपेला ते लिखाणापायी नव्हतं. ती मरणाची पानं त्याच संध्याकाळी चुलीत गेली.

सोमवारी मी नवं प्रकरण वाचलं. पाणी बोटबोट चढत गेलं, गलबत हललं, उचललं. मावशीची टकळी थांबली होती. किनाऱ्यावरच्या एका घरात खलाशाला भात वाढला, एवढं कोकण मला ऐकून माहीत होतं.

"भात नगं," मावशी म्हणाली. "जवारीची भाकर लिव्ह. भातानं त्येचं प्वाट भरत न्हाय."

या वेळी कुणी हसलं नाही. मी तिथंच भात खोडला.

मावशीचा लेक आला नाही. पत्रही आलं नाही. मावशी देवाघरी जाईपर्यंत दर सोमवारी ते पान मात्र वाचून घ्यायची. पुढं पुस्तक छापलं, मी समुद्र पाहिला, जाणत्यांना विचारून चुका सुधारल्या. तोफ उतरवली, दोर नीट बांधले. रत्नागिरीच्या एका वाचकानं कळवलं की त्या काळी खाडीकाठच्या घरात ज्वारीची भाकरी मिळणं अवघड. त्यांचं बरोबर आहे. दर आवृत्तीला मी त्या ओळीशी थांबते आणि ती तशीच ठेवते. ती भाकरी कोकणातली नाहीच, मावशीनं लेकासाठी बांधून दिलेली आहे.